खेळण्यांचा कायदा आणि गावचा कारागीर

लहान मुलाच्या हातातले खेळणे ही दिसावयास किती क्षुल्लक वस्तू! भोवरा, भिरभिरे, खुळखुळा, भातुकलीची बोळकी, चाकांवर चालणारा लाकडी बैल. मूल चार दिवस खेळते, पाचव्या दिवशी मोडते आणि सहाव्या दिवशी त्याचे लाकूड चुलीत जाते. अशा वस्तूचा आणि सरकारी राजपत्राचा संबंध तो काय, असे कोणासही वाटेल. परंतु हा संबंध १ जानेवारी २०२१ पासून जडला आहे आणि तो साधासुधा नाही. त्या दिवसापासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांसाठी केलेले खेळणे भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्यावाचून व आय. एस. आय. शिक्क्यावाचून बनविता येत नाही, परदेशातून आणता येत नाही, विकता येत नाही, किंबहुना विक्रीसाठी साठवूनही ठेवता येत नाही. हा नियम मोडणाऱ्यास २०१६ च्या मानक ब्यूरो कायद्याने पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी दोन लाख रुपये दंड सांगितला. दोन लाख रुपये! आपल्या मालेगाव तालुक्यातील एखाद्या सुताराची सारी हत्यारे, लाकूड आणि बसावयाचे छप्पर विकले तरी तेवढी रक्कम उभी राहील की नाही याची आम्हांस शंका आहे.

तेव्हा प्रश्न असा, की पोळ्याच्या सुमारास आठ-पंधरा लाकडी बैल करून विकणारा आपला सुतार या कायद्याच्या कक्षेत येतो काय? येत असेल तर तो जगावा कसा? आणि येत नसेल तर त्याच्या बैलाशी खेळणाऱ्या मुलाचे रक्षण कोणी करावयाचे? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कायदा म्हटला की नाक मुरडण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘आमचे आजे-पणजे याच खेळण्यांशी खेळले, त्यांना काय झाले?’ हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, पण तो खरा नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात गेल्या शतकाच्या आरंभी लहान मुलांना एकाएकी पोटशूळ उठे, हातपाय लुळे पडत, काहींची दृष्टी जाई. लॉकहार्ट गिब्सन नावाच्या नेत्रवैद्याने १९०४ साली याचे मूळ शोधून काढले. ब्रिस्बेनच्या घरांना लाकडी ओसऱ्या असत. त्यांच्या कठड्यांना शिशाचा पांढरा रंग दिलेला असे आणि उन्हाने त्याची भुकटी होई. मुले कठड्याला धरून खेळत आणि मग नखे कुरतडीत, बोटे चोखीत. एवढ्यानेच शिसे पोटात जाई. लोकांना हे पटावयास बराच काळ गेला, आणि मुलांच्या हाताला लागेल अशा जागी शिशाचा रंग लावण्यास तेथे १९२२ साली बंदी झाली. म्हणजे रोगाचे कारण कळल्यावरही अठरा वर्षे गेली.

शिशाचे वैशिष्ट्य हे, की ते घाई करीत नाही. विंचू चावला तर घरदार धावते. शिसे गेलेले मूल मात्र केवळ हट्टी, चिडके, अभ्यासात मागे पडणारे दिसते. मास्तर त्याला छडी मारतात आणि आईबाप नशिबाला बोल लावतात. अन्नाबरोबर पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर जेवढे शोषून घेते, त्याच्या चार ते पाच पट मुलाचे शरीर घेते. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतके शिसे आहे, आणि त्यांतील सत्तावीस कोटींहून अधिक आपल्या देशातील आहेत. हे सारे खेळण्यांतून आलेले नाही. जुन्या बॅटऱ्या वितळविण्याचे धंदे, भेसळीची हळद, काही भांडी अशा पुष्कळ वाटा आहेत. परंतु तोंडात घालण्यासाठी मुलाच्या हाती आपण स्वतः देतो अशी वस्तू खेळणे हीच.

येथे आपल्या परंपरेकडेही जरा डोळे उघडून पाहिले पाहिजे. शेंदूर म्हणजे मूळचे शिशाचेच भस्म. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे खनिज. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावण्याची चाल जुनी आहे. शेतातला खरा बैल काही आपली शिंगे चाटीत नाही, त्यामुळे तेथे फारसे बिघडत नाही. पण तोच लाल रंग वीतभर लाकडी बैलाच्या शिंगांवर चढला, की ते शिंग दीड वर्षाच्या मुलाच्या हिरड्यांखाली जाते. दात येणाऱ्या मुलास काहीतरी चावावयास हवेच असते. आणि बाजारात हिंगूळ म्हणून मिळणाऱ्या पुडीत आज काय भरलेले असते हे त्या पुडीवर बहुधा लिहिलेले नसते. जुने तेवढे निर्दोष हा समज म्हणूनच सोडून द्यावा लागतो.

रंगाखेरीज दुसरे भय घुसमटण्याचे. खेळण्याचा सुटा होऊ शकणारा भाग मुलाच्या घशात अडकेल काय, हे पाहण्यासाठी मानकात एक नळकांडे सांगितले आहे. त्याचा आतील व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच, आणि तळ तिरपा. एका बाजूस खोली सुमारे एक इंच, दुसऱ्या बाजूस सव्वादोन इंच. तीन वर्षांखालील मुलासाठी असलेल्या खेळण्याचा जो भाग या नळकांड्यात पूर्ण मावेल तो धोक्याचा. बैलाच्या गळ्यातील घुंगरू त्यात मावते, काचेचा मणी मावतो, चाकाची खुंटीही मावते. पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवर बंजारा भगिनी भरतकामात आरसे, मणी, कवड्या इतक्या सुरेख टाकतात की पाहत राहावे. पण त्याच हातांनी केलेली बाहुली तान्ह्या मुलाला द्यावयाची, तर त्यातला प्रत्येक मणी किती घट्ट बसला आहे हे पाहावेच लागेल.

तेव्हा कायद्याचा हेतू चांगला आहे याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तक्रार आहे ती भार कोणाच्या खांद्यावर पडला याबद्दल. हे समजण्यासाठी अमेरिकेतील हकीकत उपयोगी आहे, कारण हा सारा गोंधळ तेथे आपल्या आधी बारा वर्षे होऊन गेला.

अमेरिकेत २००६ साली चार वर्षांच्या एका मुलाने बुटांच्या जोडाबरोबर फुकट मिळालेल्या साखळीतील पदक गिळले आणि तो दगावला. ते पदक जवळजवळ शुद्ध शिशाचे होते. पुढच्याच वर्षी मॅटेल या बलाढ्य कंपनीने चीनमध्ये करवून घेतलेली सुमारे पंधरा लाख खेळणी रंगात शिसे असल्यामुळे परत मागविली. लोक खवळले. १४ ऑगस्ट २००८ रोजी तेथे नवा कडक कायदा झाला. रंगातील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ६०० वरून ९० वर आली. मुलांसाठी केलेली वस्तू बाहेरच्या मान्य प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी आणि प्रमाणपत्र जोडावे, असे ठरले. वस्तू कारखान्यातली असो की घराच्या पडवीतली.

झाले काय, तर अपराध मोठ्यांचा आणि धास्ती छोट्यांना. मेपलच्या लाकडाला नुसते मधमाशीचे मेण चोळून आगगाडीचे डबे करणारे सुतार, लोकरीच्या बाहुल्या विणणाऱ्या गृहिणी, यांच्यापैकी कोणीच चीनमधून रंग आणला नव्हता. पण तपासणीचा खर्च हा वस्तूंच्या संख्येवर नसतो, नमुन्यावर असतो. समजा, एका नमुन्याच्या तपासणीस दहा हजार रुपये लागले. कारखाना त्या नमुन्याचे एक लाख नग काढतो, तेव्हा नगामागे दहा पैसे पडतात आणि गिऱ्हाइकास ते कळतही नाही. सुतार वीस नग काढतो, त्याला नगामागे पाचशे रुपये पडतात. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. पण खरा आकडा कोणताही घातला तरी प्रमाण तेच राहील. शिवाय तपासणी म्हणजे नुसते पाहणे नव्हे. खेळणे उंचावरून टाकतात, ओढतात, पिळतात, रंग खरवडून काढतात. वीसांतले दोन-तीन नग प्रयोगशाळेतच खर्ची पडतात. आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही, की हाताने केलेल्या दोन वस्तू एकसारख्या नसतात. साच्यातून निघालेल्या लाखांपैकी एक तपासला तर बाकीच्यांविषयी काही अंदाज बांधता येतो. सुताराचा एक बैल तपासून दुसऱ्या बैलाची खुंटी घट्ट आहे असे कसे म्हणावे?

अमेरिकेतील कारागिरांनी संघ करून आरडाओरडा केला. सरकारने २००९ च्या आरंभी तपासणीची पुष्कळशी सक्ती वर्षभर पुढे ढकलली. त्याच वर्षी ज्या मॅटेलमुळे हे सारे घडले, त्या कंपनीस आपल्याच प्रयोगशाळांतून खेळणी तपासण्याची मुभा मिळाली, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. दैवगती म्हणतात ती हीच! असो. पुढे तेथील लोकांनी जी दुरुस्ती केली ती मात्र विचार करण्याजोगी आहे. पहिली गोष्ट, रंग न दिलेले लाकूड, सूत, लोकर अशा पदार्थांत मुळात शिसे नसतेच. तेव्हा त्यांची शिशासाठी तपासणी नको असे ठरविले. दुसरी गोष्ट, सबंध खेळणे न तपासता त्याचा कच्चा माल तपासला तरी चालेल असे केले. रंग करणाऱ्याने रंगाच्या डब्याचे प्रमाणपत्र दिले, की तो रंग वापरणाऱ्या शंभर सुतारांचे काम भागते. तिसरी गोष्ट ऑगस्ट २०११ च्या दुरुस्तीतली. वर्षास दहा लाख डॉलरांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि एका प्रकारचे साडेसात हजारांपर्यंत नग काढणाऱ्या छोट्या उत्पादकांस नाव नोंदवून बऱ्याच तपासण्यांतून सूट दिली. पण रंगातील शिसे आणि घशात अडकणारे बारीक भाग या दोन बाबतींत मात्र सूट कोणासही दिली नाही. छोट्यातल्या छोट्या माणसासही नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात आयातीपासून झाली. जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी आली आणि थोड्याच दिवसांत प्रमाणपत्राच्या अटीवर ती सैल झाली. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ साली बाजारातील परदेशी खेळणी तपासली, तेव्हा त्यांतील सुमारे ६७ टक्के कसोटीस उतरली नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातकर २० वरून ६० टक्क्यांवर गेला. त्याच महिन्याच्या २५ तारखेस खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. तो १ सप्टेंबर २०२० पासून लागू व्हावयाचा होता, परंतु मुदत वाढून १ जानेवारी २०२१ ठरली. आयातीपुरते पाहिले तर आदेशाने काम केले. २०१८-१९ साली सुमारे ३७ कोटी डॉलरांची खेळणी बाहेरून आली होती, ती २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर उतरली.

परंतु हा नियम देशातील लाकूड तासणाऱ्या हातांवरही येऊन पडला. परवान्यासाठी अर्ज, प्रकारवार तपासणी, ठरावीक शुल्क, आणि स्वतःची छोटी प्रयोगशाळा असण्याची अपेक्षा! सूक्ष्म उद्योगांना यांपैकी काही बाबतींत पुढे सवलती मिळाल्या. पण ज्याची कार्यशाळा म्हणजे लिंबाखालची सावली, त्याने प्रयोगशाळा कोठे मांडावी? ही अडचण ध्यानात येऊन डिसेंबर २०२० मध्ये आदेशात दुरुस्ती झाली. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी तयार करून विकलेल्या वस्तूंना हा आदेश लागू नाही, असे जाहीर झाले. भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी त्यांच्या अधिकृत कारागिरांनी केली असतील तर त्यांनाही सूट मिळाली. कर्नाटकातील चन्नपट्टण, आंध्रातील कोंडापल्ली ही गावे अशा मानांकनाची. आपल्या सावंतवाडीची चितार आळी लाकडी फळे आणि खेळणी यांसाठी पिढ्यान् पिढ्या नावाजलेली आहे. जेथे सबंध आळीच एका धंद्यात आहे, तेथे लोकांनी एकत्र येऊन नोंदणी करणे सोपे जाते.

आमच्या वऱ्हाडातील गोष्ट निराळी आहे. येथील सुतार वर्षभर तिफण, वखर, दारे-खिडक्या करतो आणि श्रावणात चार बैल कोरतो. नागपूर-वर्धेकडे तान्ह्या पोळ्याला लहान मुले लाकडी बैल ओढीत घरोघर जातात व बोजारा घेऊन येतात. तिकडे या कामास मोठा बाजार आहे. आपल्याकडे मातीच्या बैलांची पूजा अधिक, तरी लाकडी बैलाला गिऱ्हाईक असतेच. हा बैल पूजेचा की खेळण्याचा? आदेशाची व्याख्या पाहता, खेळणे हा त्याचा एकमेव उपयोग नसला तरी मुलांनी खेळावे यासाठी केलेली वस्तू खेळणेच ठरते. आमच्या समजुतीप्रमाणे चाके लावून दोरी बांधलेला वीतभर बैल त्यात बसतो. आणि हा सुतार स्वतःला हस्तशिल्पी म्हणवीत नाही, सुतार म्हणवितो. हस्तशिल्प आयुक्तांचे ‘पहचान’ नावाचे ओळखपत्र मिळते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणजे सूट आहे, पण ती सुतारापर्यंत पोहोचलेली नाही. शेजारच्या बचतगटात कापडी बाहुल्या शिवणाऱ्या बायांचीही तीच गत.

आणखी एक पेच आपल्या गावापुरता फार जवळचा आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास दूरदुरून कुटुंबे शिरपुरास येतात. परतताना मुलाच्या हाती काहीतरी दिल्याशिवाय कोणी जात नाही. ते खेळणे सुतार स्वतः रस्त्यावर बसून विकील तर ‘तयार करून विकलेले’ हे शब्द त्याला सरळ लागू पडतात. पण दुकानदाराने त्याच्याकडून घाऊक घेऊन फळीवर मांडले तर? करणारा एक आणि विकणारा दुसरा. त्या शब्दांचा अर्थ ओढून-ताणून दुकानदारापर्यंत न्यावा लागतो, आणि शहाणा दुकानदार असल्या अर्थाच्या भरवशावर दोन लाखांची जोखीम घेत नाही. तो शिक्का मारलेले प्लॅस्टिक मांडतो. कोणी बंदी न घालता लाकडी खेळणे फळीवरून नाहीसे होण्याची ही सोपी रीत आहे.

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून निराळा आहे. सूट देताना आपण माणसाच्या हातातले कार्ड पाहिले, वस्तूवरचा रंग पाहिला नाही. कार्ड असलेल्या कारागिराने शिशाचा पिवळा रंग फासला तरी हा आदेश त्याला विचारीत नाही. कार्ड नसलेल्याने नुसते लिंबाचे लाकूड घासून, तेल चोळून बैल केला तरी तो गुन्हेगार. मुलाच्या पोटाला यातला फरक उलटाच लागणार! अमेरिकेने जे दोन धोके कोणासही माफ केले नाहीत, तेच आपण कार्डावर माफ केले. आणि जेथे काहीच धोका नव्हता, तेथे मात्र शिक्का मागितला. बैलाऐवजी रंगाचा डबा तपासला असता, तर कारागिराचा खर्च वाचला असता आणि मूलही सुरक्षित राहिले असते.

विशेष म्हणजे यासाठी नवा कायदाही फारसा लागत नाही. घरगुती व शोभेच्या रंगांत शिसे दहा लाखांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे आणि तसे डब्यावर लिहिण्याचेही बंधन आहे. मात्र तो नियम घरगुती रंगांपुरताच आहे. कारखान्यांत, गाड्यांना, यंत्रांना लावावयाचे रंग त्यात येत नाहीत. आता आपल्या खेड्यांत काय होते? ट्रॅक्टरची ट्रॉली रंगविली, फाटक रंगविले, डब्यात बोटभर रंग उरला. तो टाकावा कशाला म्हणून बैलाच्या पाठीवर चढतो. तो चकचकीत दिसतो, धुतला तरी जात नाही आणि गिऱ्हाईक खूष होते. सुताराने ही एवढी एक सवय सोडली, डब्यावरची ओळ वाचून घरगुती रंग घेतला, किंवा शिंगे तशीच ठेवून नुसते तेल दिले, तर मोठे काम होईल. घशात अडकणाऱ्या भागांसाठी तर प्रयोगशाळाच नको. सव्वा इंच व्यासाचे नळकांडे कातून घेणे हे सुताराला सांगावयास नको इतके सोपे काम आहे. घुंगरू त्यात पडले, तर ते तीन वर्षांखालील मुलाच्या बैलाला बांधू नये.

वाशीमचे जिल्हा उद्योग केंद्र किंवा एखादी औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मनावर घेतले, तर तालुक्यात विकले जाणारे पाच-सात रंग वर्षातून एकदा मान्य प्रयोगशाळेत तपासून त्यांची यादी चावडीवर लावणे अशक्य नाही. एका तपासणीत शंभर कारागिरांचा प्रश्न सुटेल. तोवर ओळखपत्राची नोंदणी हाच सुतारास खरा आधार आहे आणि दुकानदाराने आपला माल नोंदलेल्या कारागिराचा आहे याची लेखी चिठ्ठी ठेवणे शहाणपणाचे. ही चिठ्ठी कायद्यापुढे कितपत टिकेल हा वकिलांचा विषय आहे. पण अधिकाऱ्यापुढे रिकाम्या हाताने उभे राहण्यापेक्षा ती बरी.

व्याख्यानमालेचे दिवस चैत्र-वैशाखातले, आणि पोळा श्रावणी अमावास्येचा. लाकूड आषाढातच चिरले जाते. अर्ज, छायाचित्र, आधार आणि कामाचा नमुना एवढ्या गोष्टी जमवून देण्यास ज्यांना लिहिता-वाचता येते त्यांनी दोन रविवार खर्च केले, तर गावातील सुतार आणि बचतगटातील बाया यांची नोंदणी पोळ्याच्या आत मार्गी लागावयास हरकत नाही. अर्ज भरताना धंद्याच्या रकान्यात ‘सुतार’ एवढेच न लिहिता ‘लाकडी खेळणी व हस्तकाम’ असे स्पष्ट लिहावे.